अचूकतेची मिरासदारी

ज्यांच्या हृदयातील झडप बदललेली आहे आणि ज्यांना आमरण 'रक्त पातळ ठेवण्याची गोळी' घ्यावयाची आहे, अशा रुग्णांविषयी बोलणे निघाले म्हणजे आपल्याकडील जाणत्या मंडळींच्या मुखातून एक वाक्य ठरल्याप्रमाणे बाहेर पडते: घरच्या यंत्रावर भरवसा ठेवू नका, प्रयोगशाळेचा अहवाल तेवढा खरा. दादर किंवा ठाण्यासारख्या ठिकाणी, जेथे दोन गल्ल्या ओलांडल्या की प्रयोगशाळेची पाटी दिसते, तेथे हे वाक्य निरुपद्रवी म्हणून सोडून देता येईल. पण तेच वाक्य मोखाडा तालुक्यातील एखाद्या पाड्यावरच्या माणसाला ऐकविले जाते, तेव्हा त्याला हुकुमाचे स्वरूप येते, आणि त्या हुकुमाची किंमत कोणी, किती व कोठवर मोजावयाची, याचा खुलासा हुकूम देणारा करीत नाही. हा शिरस्ता आता पुरे झाला, असे मला वाटते.

प्रथम पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या डौलात मांडू, म्हणजे आम्ही प्रतिपक्षाला दुबळा करून मग पाडले, असा आक्षेप यावयास नको. पूर्वपक्ष म्हणतो: रक्त गोठण्यास लागणारा वेळ ही अत्यंत नाजूक गोष्ट आहे. गोळी कमी पडली तर कृत्रिम झडपेवर गुठळी धरते, ती सुटून मेंदूत गेली की अर्धांगवायू. गोळी जास्त झाली तर त्याच मेंदूत रक्तस्राव. या दोन कड्यांच्या मधून जाणारी वाट इतकी अरुंद की तिचे मोजमाप शिरेतून काढलेल्या रक्तावर, प्रशिक्षित तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली, मोठ्या यंत्रावरच झाले पाहिजे. बोटाच्या टोकातून निघालेल्या एका थेंबावर मिनिटभरात आकडा देणारे मुठीएवढे यंत्र म्हणजे खेळणे. त्याचा आकडा प्रयोगशाळेशी जुळत नाही, अशी यंत्रे परदेशात बाजारातून परत बोलवावी लागली, आणि ती अशिक्षित माणसाच्या हाती देणे म्हणजे तर धडधडीत बेजबाबदारपणा. कैफियत मोठी रुबाबदार आहे. आता तिची कलमे एकेक करून तपासू.

पहिले कलम: घरच्या यंत्राचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्याशी जुळत नाही. मान्य, पुष्कळदा तंतोतंत जुळत नाही. पण येथे एक साधा प्रश्न विचारण्याची परवानगी असावी: एका प्रयोगशाळेचा आकडा दुसऱ्या प्रयोगशाळेशी जुळतो काय? 1935 साली आर्मंड क्विक यांनी प्रोथ्रॉम्बिन टाइम ही तपासणी प्रचारात आणली, तेव्हापासून पुढे जवळजवळ अर्धे शतक वैद्यकाला याच प्रश्नाने छळले. तपासणीत रक्तद्रवात थ्रॉम्बोप्लास्टिन नावाचे द्रव्य व कॅल्शियम मिसळून गोठण्यास किती सेकंद लागतात ते पाहावयाचे. पण ते थ्रॉम्बोप्लास्टिन सशाच्या मेंदूपासून काढलेले की अन्य कशापासून, कोणत्या कारखान्याचे आणि कोणत्या खेपेचे, यावर सेकंदांचा हिशेब बदलत असे. म्हणून 1983 साली जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर हे प्रमाण पुरस्कारिले. रुग्णाचे सेकंद भागिले निरोगी माणसांचे सरासरी सेकंद, आणि आलेल्या गुणोत्तराला त्या विशिष्ट द्रव्याच्या आयएसआय नामक अंकाचा घात, असा तो हिशेब आहे. रुग्णाला 24 सेकंद लागले, निरोगी सरासरी 12 असली, तर गुणोत्तर दोन. द्रव्याचा आयएसआय 1.0 असेल तर आयएनआर 2.0, आणि 1.4 असेल तर सुमारे 2.6. म्हणजे द्रव्याची नवी खेप आल्यावर तिच्या वेष्टनावरील अंक यंत्रात भरावयास कोणी विसरला, की त्याच रक्ताचा, त्याच सेकंदांचा, त्याच भव्य यंत्रावरचा अहवाल पार वेगळा येतो, आणि खाली सही-शिक्का असतोच.

तेव्हा प्रयोगशाळेचा आयएनआर हे काही आकाशातून उतरलेले सत्य नव्हे. तो निरनिराळ्या द्रव्यांमधील भांडण मिटविण्यासाठी काढलेला तडजोडीचा आकडा आहे. घरचे यंत्र तरी निराळे काय करते? त्याच्या पट्टीवर तेच थ्रॉम्बोप्लास्टिन वाळवून बसविलेले असते. थेंब पट्टीत ओढला गेला की रक्त गोठण्याची क्रिया सुरू होते, तिची चाहूल यंत्र विद्युत्-रासायनिक मार्गाने घेते, आणि त्या खेपेचे अंशांकन सोबतच्या चिपमध्ये आधीच नोंदलेले असल्यामुळे वापरणाऱ्याला आयएसआय भरावाही लागत नाही. तत्त्व तेच, द्रव्य त्याच जातीचे, संदर्भही अखेर जागतिक आरोग्य संघटनेच्याच प्रमाणनमुन्याचा. मग एकाच घराण्यातील दोघांपैकी थोरल्याचा शब्द प्रमाण आणि धाकट्याचा शब्द वायफळ, हा निवाडा कोणत्या पुराव्यावर झाला?

येथे पूर्वपक्ष आपला हुकमी पत्ता काढतो. स्वतः करावयाच्या या तपासणीसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक 2007 साली ठरले, त्यात 2.0 ते 4.5 या पट्ट्यात शंभरांतील नव्वद आकडे संदर्भमूल्याच्या तीस टक्के अलीकडे-पलीकडे असले तरी चालतात! तीस टक्के! केवढा हा अनाचार! परंतु ही बाहेरची हद्द आहे, नेहमीची वागणूक नव्हे. उपचाराच्या पट्ट्यात चांगल्या यंत्राचा आकडा बहुतेक वेळा अर्ध्या एककाच्या आतच राहतो. आणि मुद्दा आकड्याच्या दशांशाचा नसून त्यावरून घ्यावयाच्या निर्णयाचा आहे. महाधमनीच्या कृत्रिम झडपेला सामान्यतः 2 ते 3, मिट्रल झडपेला 2.5 ते 3.5, असा पट्टा वैद्य राखू पाहतात. प्रयोगशाळेने 2.9 म्हटले आणि यंत्राने 2.6, तर गोळी बदलावयाची काय? मुळीच नाही. जो फरक मात्रेत उतरत नाही, तो फरक रुग्णाच्या दृष्टीने नाहीच. भात मोजावयास पायली पुरेशी असताना सोनाराच्या काट्याचा हट्ट धरणाऱ्याला आपण सूक्ष्मदर्शी म्हणत नाही.

दुसरे कलम: एका थेंबात काय कळणार? ही शंका मोठी लोकप्रिय आहे, कारण तिला विचार करावा लागत नाही. यंत्राला आठ मायक्रोलिटर, म्हणजे खरोखर एक लहानसा थेंब पुरतो, याचे कारण तपासणीला तेवढेच लागते. प्रयोगशाळेत अधिक रक्त काढतात ते नळीची मर्यादा सांभाळण्यासाठी, सत्याची मात्रा वाढावी म्हणून नव्हे. उलट त्या नळीतच बखेडा आहे. निळ्या झाकणाच्या नळीत सोडियम सायट्रेट असते आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण काटेकोर राखावे लागते. शीर सापडत नाही म्हणून नळी अर्धीच भरली, तर सायट्रेट अधिक होऊन आयएनआर खोटाच वाढतो. रक्त नीट हलवून मिसळले नाही, तर नळीत बारीक गुठळी धरते आणि निकाल बिघडतो. नमुन्यावर वेळेचे बंधन आहे, तापमानाचे आहे. फार वेळ थंड ठेवला तर रक्तातील काही घटक आपोआप चेतविले जातात, उष्णतेत पडला तर काही घटक क्षीण होतात. प्रयोगशाळाशास्त्रातील जाणकारांनी वारंवार दाखवून दिले आहे की, प्रयोगशाळेच्या चुकांपैकी बहुसंख्य चुका यंत्रावर होतच नाहीत. त्या नमुना यंत्रापाशी पोहोचण्यापूर्वीच होऊन चुकलेल्या असतात.

आता हा नियमावलीचा कागद मोखाड्याच्या नकाशावर पसरून पाहू. जव्हार संस्थान 1948 साली विलीन झाले, ठाण्यातून पालघर हा वेगळा जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी निघाला; कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, पण डोंगर व दऱ्या आहेत तेथेच आहेत. तालुक्याच्या गावी ग्रामीण रुग्णालय आहे, जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे. त्यापलीकडे काही हवे असेल तर त्र्यंबकेश्वराच्या बाजूने घाट चढून नाशिक, नाही तर विक्रमगडच्या बाजूने खाली उतरून ठाणे आणि मुंबई. शासनाच्या महालॅब योजनेत आरोग्य केंद्रांतून नमुने गोळा करून प्रयोगशाळेकडे नेले जातात, ही चांगलीच सोय आहे, आणि हिमोग्लोबिन अथवा थायरॉइड यांसाठी ती पुरतेही. पण साखर-हिमोग्लोबिनाइतका सोशिकपणा गोठण्याच्या तपासणीत नाही. आषाढातल्या कोसळत्या पावसात, दरड आलेल्या घाटातून, गाडीच्या धक्क्यांत प्रवास करून आलेल्या नळीचा दोन दिवसांनी हाती पडणारा आकडा 'अचूक', आणि झोपडीच्या ओसरीवर बोट टोचून त्याच मिनिटाला दिसलेला आकडा 'अंदाज', असे ज्याला म्हणवते, त्याने अचूकतेची व्याख्या नव्याने लिहून द्यावी. यंत्र अचूक असणे वेगळे आणि तपासणी अचूक असणे वेगळे. तपासणीत शीर, नळी, वाट, वेळ, अहवाल आणि शेवटी गोळीचा डोस ठरविणारा फोन, हे सारे येते. या साखळीतील एक कडी सोन्याची केल्याने उरलेल्या गंजलेल्या कड्या मजबूत होत नाहीत.

शिवाय रक्त काही प्रयोगशाळेच्या तारखेची वाट पाहत थांबत नाही. ज्या गोळ्यांविषयी आपण बोलत आहोत, त्या वॉरफेरिन व ॲसिनोकुमारॉल, 'के' जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करतात. आणि 'के' जीवनसत्त्व हिरव्या पानांत भरपूर असते. नाशिक-मुंबईच्या आहारतज्ज्ञाने 'पालेभाजी रोज सारखीच खा' असे सांगणे सोपे. मोखाड्यात पालेभाजी पंचांगाप्रमाणे येते. पाऊस पडला की टाकळा, कुरडू, माठ, शेवग्याचा पाला यांवर घरे चालतात. पाऊस सरला की ताटातले हिरवेपण आटत जाते. पाने वाढली की आयएनआर खाली, पाने संपली की वर. त्यात ताप, जुलाब, उपासमार, मोहाची दारू. त्यात प्रतिजैविकांचा एखादा कोर्स, जो आयएनआर झपाट्याने वर नेतो. त्यात क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन, जे गोळीचा परिणाम जवळजवळ पुसून टाकते. आणि दिवाळीनंतर घरेच्या घरे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर निघून जातात, तेव्हा 'महिन्याने तपासणीला या' हा कागद पाड्यावरच्या आढ्याला खोचलेला राहतो. अशा ठिकाणी सर्वांत मोठी चूक यंत्राच्या दशांशात नसते. ती दोन तपासण्यांमधल्या त्या लांबलचक, न मोजलेल्या काळात असते.

तिसरे कलम: यंत्रे परत बोलवावी लागली. हे खरे आहे, आणि ते दडविण्याचे कारण नाही. आयएनरेशिओ नावाचे यंत्र काही रुग्णांत प्रयोगशाळेपेक्षा बरेच कमी आकडे दाखवीत असे, म्हणजे रक्त धोक्याइतके पातळ असताना 'ठीक आहे' असे सांगत असे; 2014 साली त्याविषयी इशारे निघाले आणि 2016 साली उत्पादकाने ते बाजारातून काढून घेतले. 2018 साली कोआगुचेक एक्सएस या प्रसिद्ध यंत्राच्या पट्ट्यांची 11 लाखांहून अधिक पाकिटे अमेरिकेत परत घ्यावी लागली, कारण त्या वरच्या पट्ट्यात वाजवीपेक्षा अधिक आकडे दाखवीत होत्या. पण या दुसऱ्या प्रकरणाचे मूळ कशात होते? पट्ट्यांचे अंशांकन जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या प्रमाणनमुन्याशी जुळविताना घोटाळा झाला होता. अंशांकनाचा हाच धागा प्रत्येक प्रयोगशाळेच्याही गळ्यात आहे. एका कंपनीचे यंत्र सदोष निघाले म्हणून सारी जात बाद, हा न्याय लावावयाचा असेल तर तो दोन्हीकडे लावा. नळ्यांच्या, द्रव्यांच्या व अहवालांच्या चुकांपायी मग प्रयोगशाळांनाही टाळे ठोकावे लागेल. या प्रकरणांतून निघणारा बोध एवढाच की, यंत्र पारखून घ्यावे, पट्टीची खेप पाहावी, आणि ठरावीक मुदतीने एकदा शिरेतील रक्ताशी त्याचा ताळा घ्यावा. हा बोध आम्हांला आनंदाने मान्य आहे.

चौथे कलम मी पूर्वपक्षाच्या वतीने स्वतःच मांडतो, कारण त्याला ते बहुधा ठाऊक नसते: जुळो वा न जुळो, शेवटी रुग्णाचे काय होते? 2010 साली अमेरिकेत 2,922 रुग्णांवरील एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाने घरी दर आठवड्याला तपासले, दुसऱ्याने उत्तम प्रतीच्या केंद्रात दर महिन्याला. पक्षाघात, मोठा रक्तस्राव अथवा मृत्यू यांत घरच्या गटाला वरचढपणा दिसला नाही. पाहा, काही उपयोग नाही, असे म्हणून टाळी वाजविण्यापूर्वी जरा थांबावे. तुलना होती ती दरमहा न चुकता होणाऱ्या, उत्कृष्ट देखरेखीच्या तपासणीशी. आणि तिच्यापुढेही हे 'खेळणे' उणे पडले नाही. तशी देखरेख मोखाड्यात कोणाला लाभते, हे दाखवून द्यावे, आम्ही यंत्राचा आग्रह तत्काळ मागे घेऊ. पुढे 2012 साली लॅन्सेट नियतकालिकात 11 चाचण्यांतील 6,417 रुग्णांची एकत्र छाननी आली: स्वतः तपासणाऱ्यांत गुठळीचे अपघात जवळजवळ निम्मे झाले आणि मोठे रक्तस्राव वाढले नाहीत, कृत्रिम झडपवाल्यांत घट तेवढीच दिसली, आणि 55 वर्षांखालील रुग्णांत तर ती सुमारे दोनतृतीयांश. ज्या यंत्राचे आकडे निव्वळ खोटे असतात, ते यंत्र माणसांचे अर्धांगवायू कमी कसे करते, याचे उत्तर जाणत्यांनी द्यावे.

आणि ही 55 वर्षांखालची बाब आपल्याकडे किरकोळ नव्हे. संधिवाताच्या तापाने झडप नासते ती गरिबांच्या आणि तरुणांच्या अंगात. 1990 साली तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत घडविलेली स्वदेशी झडप प्रथम माणसाच्या हृदयात बसली आणि परवडणाऱ्या शस्त्रक्रियेची वाट खुली झाली. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आज अशा शस्त्रक्रिया विनामूल्य होतात. विशीतल्या मुलीला झडप मिळते. पण पुढची चाळीस वर्षे तिचे रक्त कोण आणि कोठे तपासणार, याचा विचार ना झडपेच्या पेटीत असतो ना योजनेच्या जाहिरातीत. 'आता नवी औषधे निघाली, त्यांना तपासणी लागत नाही,' असे काही जण सुस्काऱ्यानिशी सांगतात. त्यांनी जरा दप्तर चाळावे: कृत्रिम झडपवाल्यांवर डॅबिगॅट्रानची चाचणी अपाय दिसल्यामुळे थांबवावी लागली, तो निष्कर्ष 2013 सालचा, आणि संधिवाती हृदयरोगातील अनियमित ठोक्यांवर रिव्हरॉक्साबानपेक्षा जुनी गोळीच सरस ठरली, तो 2022 सालचा. या मुलीला जुनी गोळी आणि बोटातला थेंब यांखेरीज पर्याय नाही.

आता शेवटचे कलम, जे बहुधा मोठ्याने बोलले जात नाही, पण साऱ्या कैफियतीचे पोट तेच आहे: ही माणसे अडाणी, यांना हे जमावयाचे नाही. वारली, कोकणा, कातकरी किंवा महादेव कोळी स्त्री बोटाला सुई टोचून पट्टीवर थेंब लावू शकणार नाही, हे कोणी व केव्हा तपासून पाहिले? हिवतापाची बोटावरची तपासणी आशाताई करतात. बाळाच्या दंडाचा घेर अंगणवाडीताई फितीने मोजतात आणि त्यावर पोषणाची सरकारी आकडेवारी उभी राहते. तेथे त्यांचा हात थरथरत नाही, मग येथेच का थरथरावा? याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत, अभय व राणी बंग यांनी 39 गावांतील अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांचा जंतुसंसर्ग ओळखून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्यास शिकविले. नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, आणि तो वृत्तान्त 1999 साली लॅन्सेटमध्ये छापून आला. ज्या हातांनी तान्ह्या बाळाला बिनचूक सुई दिली, त्या हातांना बोट टोचणे जमणार नाही, हे म्हणणे विज्ञानाच्या कक्षेत बसत नाही. ते केवळ आपल्या वर्गाच्या अहंतेचे प्रमाणपत्र आहे.

सवलत म्हणून मी देतो ती एवढीच, आणि ती यंत्राच्या माहितीपत्रकातच छापलेली आहे. रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या खाली गेले तर यंत्राच्या आकड्यावर विसंबू नये. कुपोषण आणि सिकलसेल यांनी गांजलेल्या या पट्ट्यात म्हणून आधी हिमोग्लोबिन पाहावे. फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे असणाऱ्यांना यंत्र चकवते. त्यांनी प्रयोगशाळेतच जावे. आकडा साडेचारच्या वर आला तर विलंब न लावता डॉक्टरला कळवावे आणि शिरेतील रक्तावर खातरजमा करावी. पट्ट्या 30 अंशांहून अधिक तापू देऊ नयेत. वैशाखात पत्र्याखाली त्या ठेवल्या तर दोष पत्र्याचा. यंत्राला कित्येक हजार आणि पट्टीला शेकडो रुपये पडतात, हेही खरे. म्हणून घरटी यंत्र मागण्याचा वेडेपणा येथे कोणी करीत नाही. पण एसटीचे भाडे, रुग्णाची आणि सोबत्याची बुडालेली मजुरी, नाशकातला मुक्काम, हा खर्च रुग्णाच्या खिशातून जातो म्हणून तो खर्चच नव्हे, अशी जमाबंदी कोणी मांडू नये.

तेव्हा उत्तरपक्ष असा. प्रयोगशाळा हवी: शंकेच्या, तक्रारीच्या आणि ताळ्याच्या प्रसंगी तिचाच शब्द अखेरचा. पण पहिली मोजणी रुग्णाच्या उंबऱ्याशी झाली पाहिजे, वारंवार झाली पाहिजे, आणि तिच्या आकड्यावर त्याच दिवशी डोस ठरला पाहिजे. खोडाळा, आसे, मोऱ्हांडा, वाशाळा येथील आरोग्य केंद्रांत एकेक पारखलेले यंत्र, पुरेशा पट्ट्या, दोन शिकविलेल्या परिचारिका आणि फोनवर डोस सांगणारा एक डॉक्टर, एवढी ही मागणी आहे. झडप बसविण्यासाठी लाखभर रुपये मोजणाऱ्या सरकारला तिची राखण करण्यासाठी एवढे देणे जड नाही. यंत्रावर विश्वास नसेल, तर याच तालुक्यातील रुग्णांवर त्याची प्रयोगशाळेशी उघड तुलना करा आणि आकडे चावडीवर लावा. ते होईपर्यंत 'प्रयोगशाळेचाच अहवाल खरा' असे म्हणणाऱ्याने त्या वाक्यापुढे एक वाक्य जोडण्याचा प्रामाणिकपणा दाखवावा: ज्याला प्रयोगशाळा गाठता येत नाही, त्याने न मोजताच जगावे.